वहिनी धूळ मोजते

माझी वहिनी धूळ मोजते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आपल्या कपाटाच्या माथ्यावरची धूळ मोजायला तिला घरी बोलावतात. दादाचं लग्न ठरलं तेव्हा त्यानेही आम्हाला असंच सांगितलं होतं, आणि मी म्हणाले होते, "बरं झालं, आपल्याकडे पुष्कळ आहे." हे वाक्य तिच्या कानावर गेलं. त्याला आता बावीस वर्षं झाली आणि तेव्हापासून आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे.

ती मला 'वन्सं' म्हणते. हा शब्द हल्ली कोणी वापरत नाही, म्हणूनच ती वापरते. ती वरच्या मजल्यावर दादाबरोबर राहते आणि मी खाली माझ्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, त्याऐवजी दोन शिलाई मशिनं घेतली. दोन्ही अजून नीट चालतात, आणि हे माझ्या किती मैत्रिणींना आपापल्या संसाराबद्दल सांगता येईल, मला शंका आहे.

वहिनी घरातली धूळ कधी पुसत नाही. "ही मोठी धूळ आहे, हिने काही होत नाही," असं शास्त्रीय कारण देऊन ती पेपर वाचत बसते. मला आधी वाटायचं, आळशीपणाला इतकं चांगलं पांघरूण दुसऱ्या कोणाला मिळालं नसेल. पण तिचं म्हणणं खरं आहे. दिसते ती धूळ नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. जी दिसत नाही तिच्यावर वहिनीचं पोट आहे.

शहराच्या टोकाला गारगोटी दळणारे कारखाने आहेत. गारगोटी म्हणजे तो पांढरा टणक दगड, ज्याचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून लहानपणी आपण ठिणग्या पाडायचो. तिथे तो फोडतात, दळतात, चाळतात आणि पिठासारखा पोत्यांत भरतात. मग तो काचेत जातो, रंगात जातो, फरश्यांत जातो. दळताना आणि भरताना त्याची जी अगदी बारीक धूळ उडते, ती छातीत खोल जाऊन बसते ती कायमची. वर्षानुवर्षं ती साचत गेली की फुप्फुसं निबर होतात आणि माणसाला जिना चढवेनासा होतो. यावर औषध नाही. धूळ मुळात आत जाऊ न देणं एवढंच हातात असतं, आणि त्यासाठी कोणाच्या नाकाशी किती धूळ येते हे आधी कळावं लागतं.

ते वहिनी असं मोजते. कामगाराच्या कमरेला साबणाच्या वडीएवढा पंप असतो. त्याची नळी पाठीवरून खांद्यापर्यंत येते. कॉलरवर, नाकापासून वीतभर अंतरावर, अंगठ्याएवढं धातूचं नरसाळं आणि त्याला जोडलेली गोल पांढरी गाळणी. जाड कण नरसाळ्यात खाली पडतात, बारीक तेवढे गाळणीवर बसतात. पूर्ण पाळीभर, आठ तास, तो पंप माणसाच्या बरोबरीने हवा ओढत राहतो. आदल्या दिवशी कोऱ्या गाळणीचं वजन केलेलं असतं, नंतर पुन्हा करायचं, आणि बसलेल्या धुळीत गारगोटी किती हे दुसरं एक मशीन सांगतं.

किती म्हणजे जास्त, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, आठ तासांत गाळणीवर मिठाच्या एका बारीक कणाएवढी गारगोटी बसली की मर्यादा गाठली. मला वाटलं, ही फेकतेय. तिने उठून बरणीतून मिठाचा एक कण आणला आणि मी बेतत होते त्या काळ्या कापडावर ठेवला. मी वाकून बघायला गेले, माझा श्वास त्याच्यावर पडला आणि कण गायब झाला. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघी चष्मे लावून तो शोधत होतो.

गेल्या काही वर्षांत माझा तिच्या कामाशी संबंध आला तो जाकिटांमुळे. पंप बांधायला तिच्याकडे आधी नुसते पट्टे होते. ते घसरायचे, टोचायचे. वैतागून एका कामगाराने पट्ट्यासकट पंप भिंतीवरच्या खिळ्याला टांगला, आणि त्या दिवशी आठ तास त्या खिळ्याने श्वास घेतला. आकडा आला तेव्हा खिळ्याची तब्येत उत्तम होती. मग वहिनी खाली आली आणि कधी नव्हे ते गोड आवाजात म्हणाली, "वन्सं, एक काम आहे."

मी गडद निळ्या जाड कापडाची बिनबाह्यांची जाकिटं शिवायची ठरवली. कमरेला पंपाचा खिसा, पाठीवर नळी धरायला गुंडीच्या पट्ट्या, आणि नरसाळ्याचा चिमटा घट्ट बसावा म्हणून आतून कडक कापड घातलेली कॉलर. मापं घ्यायला मी कारखान्यात गेले. बारा माणसं ओळीने उभी राहिली, आणि त्यांत मला मामा भेटले.

मामा म्हणजे पॅकिंग खात्यातले सगळ्यांत जुने कामगार. सगळं खातं त्यांना मामा म्हणतं म्हणून मीही म्हणायला लागले. एकोणीस वर्षं ते पोती भरत होते. वरून नळकांडं येतं, त्याला पोतं लावायचं, खटका ओढायचा. पोतं भरता भरता तोंडाशी पांढरा फुफाटा उठतो, तो बसायच्या आत दुसरं पोतं लावायचं. मामा बोलायला अतिशय अदबशीर. मी छातीचं माप घेताना त्यांनी श्वास रोखून छाती फुगवली. "असं केलंत तर जाकीट ढगळ होईल," मी म्हणाले. "होऊ दे," ते म्हणाले, "पुढेमागे अंगावर येईल."

पॅकिंगमधल्या चौघांचा आकडा वहिनीकडे दर वर्षी कमी यायचा. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, कायम मर्यादेच्या आत. दगड फोडायच्या आणि दळायच्या खात्यांत आकडे जास्त आले म्हणून तिथे धूळ जागच्या जागी ओढून घेणारे मोठे पाइप बसले. पॅकिंगला बसले नाहीत. कशाला बसवतील? वहिनीच्या सहीचा कागद सांगत होता की तिथे ठीक आहे. तिला स्वतःलाही ते जरा नवल वाटायचं. "खिडक्या मोठ्या आहेत तिथल्या," ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

माझी जाकिटं वापरून पहिली मोजणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला ती नोकरी करते त्या प्रयोगशाळेत बोलावलं. "भिजवायच्या आधी बघून जा, खिसे कुठे ओढतात ते." मागच्या धुण्याच्या खोलीत बारा जाकिटं खुंट्यांवर लटकत होती, प्रत्येकाच्या खाली नंबर. तिने मला मास्क दिला आणि म्हणाली, "झटकू नकोस. नुसतं बघ."

मी बघितलं. शिवणाऱ्या बाईचा डोळा आधी कॉलरवर जातो, त्याला इलाज नाही. आठ जाकिटांच्या कॉलरी सारख्याच पांढुरक्या झाल्या होत्या. उरलेल्या चारांवर मात्र चिमट्याच्या भोवती एक निळा चौकोन होता, स्वच्छ, जसा मी शिवून दिला होता तसा. चौकोनाच्या वरच्या दोन कोपऱ्यांना टाचणीएवढी दोन-दोन भोकं.

"यांच्या कॉलरवर काय लावलं होतंस?" मी विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी होतं. कापड होतं. वर दोन सेफ्टी पिना लावून खाली सोडलेलं. रुमालाएवढं."

वहिनी जवळ आली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने चारही जाकिटांखालचे नंबर वाचले. चारही पॅकिंगचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघी कारखान्याच्या फाटकापाशी उभ्या होतो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण पुरावा माझ्या शिवणीवर होता, त्यामुळे मी गेलेच. वहिनीने पिशवीत बंद केलेलं जाकीट मामांना बाहेरूनच दाखवलं.

"मामा, हा चौकोन कसला?"

"रुमालाचा," मामा म्हणाले.

"कसला रुमाल?"

"यंत्रावर घालतो तो. तुम्हीच नाही का पहिल्या वर्षी म्हणालात, यंत्र नाजूक आहे, महाग आहे, जपा म्हणून? आमच्याकडे धूळ किती, तुम्ही बघताच. बिचारं एका दिवसात खराब झालं असतं."

"पण मी फेरीला यायचे तेव्हा मला एकदाही दिसला नाही."

"तुम्ही आलात की काढून खिशात घालायचो. पाहुणे आल्यावर आपण सोफ्यावरची चादर काढतो, तसं. आमच्या मंडळी तो रुमाल वेगळा धुतात, इस्त्री करून देतात." मग जरा ताठ होऊन ते म्हणाले, "चौघेही घालतो. बाकीच्यांना मीच शिकवलं."

मला हसू फुटलं. खोटं कशाला बोलू, अगदी पोट धरून हसले. धूळ मोजायच्या यंत्रात धूळ जाऊ नये म्हणून इस्त्रीचा रुमाल! मग वहिनीकडे बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. ती पहारेकऱ्याच्या बाकावर बसली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला उठवून घरी न्यावंसं मला वाटलं. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल मला असं कधी वाटलं नव्हतं.

तिने मामांना सगळं समजावून सांगितलं. त्या गाळणीवर धूळ बसायलाच हवी होती, ती बसली नाही म्हणून पॅकिंगला पाइप बसले नाहीत, हेही सांगितलं. मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मी यंत्राचं नाक झाकलं आणि माझं उघडं ठेवलं."

"तुमचं झाकलं असतंत तरी त्या रुमालाने ही धूळ अडली नसती, मामा. चूक तुमची नाही."

"मग कोणाची?"

"माझी," वहिनी म्हणाली.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. पण तो मोती मामांच्या कॉलरला तिनेच अडकवला होता, आणि ते तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

त्याच आठवड्यात पॅकिंगची मोजणी पुन्हा झाली, रुमालाशिवाय. मामांच्या गाळणीवर मर्यादेच्या चौपट गारगोटी निघाली. मिठाचे चार कण. दुसऱ्या एकाच्या गाळणीवर जवळजवळ पाच.

प्रयोगशाळेचे साहेब वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना भानगडी आवडत नाहीत. ते म्हणाले, "नवा आकडा पाठवा आणि मोकळ्या व्हा. जुनं कशाला उकरता? झाकली मूठ सव्वा लाखाची." वहिनी म्हणाली, नुसता नवा आकडा पाठवला तर कारखाना म्हणेल, तीन वर्षं कमी आणि एक वर्ष जास्त, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. शिवाय दर वर्षी ज्यांच्या छातीचा फोटो काढतात त्या यादीत पॅकिंगचे चौघे नव्हते, कारण यादी जुन्या आकड्यांवरून केलेली. जुने आकडे खोटे आहेत हे कोणीतरी लिहून दिल्याशिवाय यादी बदलणार नव्हती. साहेब म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण करून घेताय. तुमचा सहीचा अधिकार जाईल."

ती घरी आली ते हे सगळं घेऊन. दादाने जेवता जेवता विचारलं, "आणि नोकरीच गेली तर?"

"वन्संना दुकानात मदतनीस हवाय."

"मला नकोय," मी म्हणाले. "हिला साधं बटण लावता येत नाही."

दादा माझ्याकडे बघून हसला आणि मग तिला म्हणाला, "लिही."

तिने कारखान्याला एका पानाचं पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं. कोणालाही समजेल असं झालंय का, ते बघायला. त्यात लिहिलं होतं: 'गेल्या तीन वर्षांतले पॅकिंग खात्याचे माझे आकडे चुकीचे आहेत. यात कामगारांचा दोष नाही. मी त्यांना यंत्र जपा असं म्हटलं, पण जपायचं म्हणजे काय करायचं आणि काय नाही, ते सांगितलं नाही. आकडा कमी आला तेव्हा त्याचं कारण शोधायला हवं होतं. मी ते खिडक्यांवर ढकललं.'

"खिडक्यांचं तेवढं काढ," मी म्हणाले. "ते कोणाला माहीतही नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि ते वाक्य तसंच ठेवलं. मला तिचा राग आला. अभिमानही वाटला, पण तो मी तिला सांगितला नाही. डोक्यावर बसली असती.

सहीचा अधिकार सहा महिन्यांसाठी गेला. जिला तिने गाळणी चिमट्यात धरायला शिकवलं होतं, त्या मुलीच्या सहीखाली ती वजनं करत बसायची. घरी येऊन सांगायची, "आज माझ्या साहेबीणबाईंनी मला उशीर झाला म्हणून विचारलं," आणि स्वतःच हसायची. कारखान्याचा मॅनेजर आधी चिडला, मग त्याने पत्र दोनदा वाचलं आणि कामाला लागला. पॅकिंगवाल्यांना त्याच महिन्यात चांगले मास्क मिळाले, पाइप बसेपर्यंत पाळ्या लहान झाल्या, चौघांची नावं छातीच्या फोटोच्या यादीत गेली. चार महिन्यांनी नळकांड्याच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा पाइप बसला.

पाइप बसल्यावरची मोजणी वहिनीने कशी केली, ते मी ऐकलंय. यंत्र अंगावर चढवताना आता ती पाढे म्हटल्यासारखं म्हणते: टांगू नका, झाकू नका, पुसू नका, फुंकू नका, उलटं धरू नका. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. मास्क लावून, स्टूल घेऊन, ती आठच्या आठ तास पॅकिंगमध्ये मामांच्या कॉलरकडे बघत बसली. दुपारी मामा म्हणाले, "ताई, आता माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुमच्यावर आहे," ती म्हणाली. "माझ्यावर कमी झालाय."

आकडा आला अर्ध्या कणाचा. तिला पटेना. तिने आणखी दोनदा मोजलं, दोन वेगळ्या दिवशी. अर्धाच. त्या संध्याकाळी ती जिन्यावरून गाणं म्हणत वर गेली, आणि तिचा आवाज कसा आहे हे माहीत असूनही मी काही बोलले नाही.

प्रत्येक कामगाराला त्याचा आकडा कागदावर द्यावा लागतो. मामांचा कागद द्यायला ती त्यांच्या घरी गेली, मला बरोबर घेऊन. दोन खोल्यांचं घर, खिडकीत वाळत घातलेले शर्ट. मामींनी चहा ठेवला. रुमाल वेगळा धुऊन इस्त्री करणाऱ्या त्या ह्याच. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी घालून डब्याखाली ठेवला. मग विचारलं, "हे पुढचं झालं. आणि ती आधीची तीन वर्षं?"

मामा म्हणाले, "अगं, आता ते काय."

"मी ताईंना विचारतेय."

वहिनीने कप खाली ठेवला. "ती आता मोजता येणार नाहीत, मामी. तेवढी त्यांच्या छातीत गेली. परवाच्या फोटोत काही दिसलं नाही, पण डॉक्टर म्हणतात, दिसायचं असेल तर दहा वर्षांनीही दिसतं."

"मग दहा वर्षं दर वर्षी यांना फोटोला घेऊन जायचं. तुम्ही. हे स्वतःहून जायचे नाहीत, मी त्यांना ओळखते."

"जाईन," वहिनी म्हणाली.

मला वाटलं होतं, एकदोन वर्षं जाईल. गेल्या आठवड्यात तिसरं वर्ष झालं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून येतात, फोटो काढायच्या आधी तो काढायला लावतात म्हणून दर वेळी कुरकुरतात, आणि दवाखान्याच्या बाकावर दोघं कोणाची गुडघेदुखी मोठी यावरून वाद घालतात. या वेळीही फोटो स्वच्छ निघाला. घरी आल्यावर ती म्हणाली, "वन्सं, माझी डायरी दे, तारखेवर खूण करायची आहे." मी ती शोधताना उघडून पाहिली. शेवटच्या पानावर दहा तारखा एकाखाली एक लिहिल्या आहेत, पहिल्या तीन तारखांसमोर आता बरोबरची खूण. सहाव्या वर्षी वहिनी निवृत्त होते. मामा त्याच्या एक वर्ष आधी. पुढच्या चार तारखाही तिने पेनानेच लिहून ठेवल्या आहेत.